डोंगर चढायचा बेत झाला, ग्रामसभेला विचारलं कोणी?



मागच्या महिन्यात एक कागद माझ्या हातात आला. त्याबद्दल लिहायचं आहे.

मी आंदर मावळातल्या ठाकरवाडीचा, पण कंत्राटी कामासाठी सुदुंबऱ्यात खोली घेऊन राहतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. शेजारच्या खोल्यांत चाकणच्या कंपन्यांत जाणारी पोरं राहतात. पोरं चांगली आहेत, अडीनडीला धावून येतात. रविवारी डोंगर चढतात. या वेळी त्यांनी मोठा बेत आखला. चार दिवसांचा. बारीतून कळसूबाई, मग रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. शहरातला एक संयोजक हे सगळं करून देणार. कागद त्याचाच. पोरं मला म्हणाली, "दादा, तुम्ही रानातले. तिकडचा एखादा वाटाड्या बघून द्या ना, स्वस्तातला."

स्वस्तातला! हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

कागद नीट वाचला. दोन पानं भरून सामान लिहिलंय. तंबू, झोपायच्या पिशव्या, डोक्याला बांधायची बॅटरी, दोर, साखर-मिठाची पाकिटं, मुरगळल्यावर बांधायच्या पट्ट्या. कुठल्या दिवशी किती तास चालायचं, पाणी कुठं मिळेल, मुक्काम कुठं, सगळं बारकाईनं. हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. डोंगरात बिनतयारीचा माणूस स्वतः मरतो आणि दुसऱ्याला मारतो. पण दुसऱ्या पानाच्या तळाला, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या खाली, एक ओळ आहे : "स्थानिक मदतनीस 2, प्रत्येकी दिवसाला 600." डोई 4,500 रुपये, माणसं 22. म्हणजे 99,000 रुपये गोळा होणार. त्यातले दोन वाटाड्यांना चार दिवसांचे मिळून 4,800. शंभरातले पाच रुपयेसुद्धा नाहीत. आणि ज्याच्या पायाखाली ती वाट आहे, ज्याला कुठल्या टाक्यात फेब्रुवारीत पाणी असतं आणि एप्रिलात नसतं हे ठाऊक आहे, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ बसलंय आणि तिथं धूर करायचा नाही हे ठाऊक आहे, तो कागदावर "मदतनीस". मग चालवणारा कोण? तर शिट्टी गळ्यात अडकवलेला संयोजक. तो ती वाट मोबाईलमध्ये बघतो.

आता माझ्या चुलत्याची गोष्ट सांगतो. आमच्या वाडीत ती सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी ऐकावी. लोणावळ्याहून कुसूरच्या पठारावरून भीमाशंकरला जाणारी तीन दिवसांची वाट शहरवाल्यांची फार आवडती. चुलता त्या वाटेवर किती वेळा गेला याचा हिशोब त्यालाही नाही. एका एप्रिलात तीसेक लोकांचा जथा घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं, "फुडचं टाकं आटलंय, आज हितंच थांबा, नायतर खाली उतरा." संयोजक म्हणाला, बेत ठरलाय, गाडी ठरलीय, थांबता येणार नाही. दुपारी एक मुलगी उन्हानं कोसळली. चुलत्यानं स्वतःचं पाणी तिला पाजलं, घोंगडीची झोळी केली, वाडीतल्या तिघांना हाक मारून तिला खाली आणली. मुलगी वाचली. हिशोबाच्या वेळी संयोजकानं एका दिवसाची मजुरी कापली. कारण काय, तर ट्रेक पुरा झाला नाही! झोळी उतरवताना चुलत्याचा गुडघा गेला तो गेलाच. त्याचं औषधपाणी कोण करणार हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. आम्ही म्हणालो, नशीब.

ते नशीब नव्हतं, करार न करता काम केल्याचं फळ होतं.

कळसूबाईवर शिड्या चढून जाणाऱ्यांना 1,646 मीटर हा आकडा पाठ असतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून फोटो काढतात. पण ती कळसू कोण होती? जुनी माणसं सांगतात, ती आपल्या कोळ्यांची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. राहतानाच अट घातली : भांडी घासणार नाही, केरकचरा काढणार नाही. मालकानं अट कबूल केली. काही दिवस बरं चाललं. मग एक दिवस तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. तिनं ते काम केलं आणि तशीच डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. लोक तिला देवी म्हणून पूजतात. नवरात्रात वर गर्दी मावत नाही. मला त्या गोष्टीत दुसरंही दिसतं. कामाची अट मोडली तेव्हा काम सोडून गेलेली ती आपली बाई आहे. तिच्या डोंगरावर जायला 600 रुपयांत, बिनअटीचा, बिनविम्याचा माणूस शोधायचा म्हणजे काय, याचा विचार नारळ फोडताना जरा करा.

कोणी म्हणेल, सरकारचं धोरण आहे की. आहे ना. साहसी खेळांसाठी 2018 साली शासन निर्णय निघाला, 2021 साली धोरण आलं. आयोजकानं नोंदणी करावी, शिकलेली माणसं ठेवावीत, प्रथमोपचार ठेवावा. चांगलं आहे. त्यातून चढणाऱ्याचा जीव सांभाळला जाईल. पण शिकलेला माणूस म्हणजे प्रमाणपत्रवाला. आपल्या म्हाताऱ्याकडे कुठलं प्रमाणपत्र? उद्या असं होईल की शहरातला पोरगा दहा दिवसांचं शिक्षण घेऊन गाइड होईल आणि आपला माणूस त्याच्या मागून हंडे उचलील. काही ठिकाणी होतंयसुद्धा.

दुसरीकडे अभयारण्याचा नाका. भीमाशंकर अभयारण्य 1985 चं, कळसूबाई-हरिश्चंद्रगडचं 1986 चं. शहरवाला पावती फाडतो आणि आत जातो, काजव्यांच्या दिवसांत तर भंडारदऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. आपली बाई हिरड्याचं ओझं घेऊन बाहेर येते तेव्हा तिला विचारतात, कुणाला विचारून आणलंस? एकच रान. पैसे देऊन फिरायला येणारा पाहुणा ठरतो, पिढ्यान् पिढ्या राहणारा चोर ठरतो.

आणि इथं कायदा आपल्या बाजूनं आहे, हे आपणच विसरतो. 2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. हक्काची मान्यता आणि पडताळणी पुरी झाल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही, हे कलम 4(5). गौण वनोपज आपलं, हे कलम 3. आणि कलम 5 वाचा, मोठ्यानं वाचा, वाडीत बसून वाचा. सामूहिक वनसंपत्तीत कोणी यावं-जावं याचं नियमन करायचं आणि रानाला, जनावराला बाध येईल असं काम थांबवायचं, असे ग्रामसभेनं घेतलेले निर्णय पाळले जातील हे बघायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलाय. मग बावीस माणसं चार दिवस आपल्या रानातून जाणार, आपल्या झऱ्याचं पाणी पिणार, आपल्या देवराईशेजारी तंबू ठोकणार, तर त्यांचा बेत सुदुंबऱ्याच्या खोलीत किंवा पुण्याच्या हापिसात पुरा कसा होतो? तो कुमशेतच्या आणि पाचनईच्या ग्रामसभेत पुरा व्हायला पाहिजे. अकोल्याचा तो पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा लागू आहे. आपला मावळ अनुसूचित क्षेत्रात नाही, ही आपली अडचण खरी. पण वनहक्क कायदा मावळातही आहे, कातकऱ्यांनाही आहे, ठाकरांनाही आहे. दावाच केला नाही तर कायदा काय घरी येऊन हक्क देणार?

याला जोडून एक गंमत सांगतो. सामूहिक दाव्याला पुरावा काय लागतो? नियम 13 बघा. चराईच्या जागा, कंदमुळं आणि चारा गोळा करायच्या जागा, पाण्याचे उगम, देवाची झाडं, देवराया, मसणवटा. आता हा ट्रेकचा कागद बघा. "इथे गावकऱ्यांचा झरा." "इथे गुराख्यांचं झाप." "इथे स्थानिकांचा देव." संयोजकानं आपल्या नकळत आपलाच पुरावा छापून ठेवलाय! ज्या रानात तुमचा संबंध काय असं आपल्याला विचारतात, त्याच रानाच्या नकाशात आपण जागोजागी आहोत. असे कागद मिळाले तर फेकू नका, दाव्याच्या फायलीला जोडा. त्याच्या जोडीला म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. मी राहतो त्या सुदुंबऱ्यात संताजी जगनाड्यांची समाधी आहे. जातीनं तेली, पण तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. तोंडी असलेलं कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. आपल्या वाटा अजून तोंडीच आहेत आणि त्या जाणणारी माणसं एकेक करून चाललीत.

सुदुंबऱ्यात आणखी एक आहे. एनडीआरएफची पाचवी बटालियन. दरड पडली, पूर आला की इथून गाड्या सुटतात. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, तेव्हा याच बटालियनचे जवान चिखल उपसत होते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवाडी. गडावर जाणारे कितीतरी जण त्या वाडीत पाणी प्यायले असतील, भाकरी खाल्ली असेल. रस्ता नव्हता, यंत्र वर चढलं नाही, हातांनी माती काढली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवला. आणि नंतर सरकारनंच सांगितलं की दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

ट्रेकच्या कागदांत ती वाडी होती. सरकारच्या यादीत नव्हती. शहरवाल्याला रविवारी जायला ती सापडायची.

मी हे चढणाऱ्यांवर ढकलत नाही. त्या सकाळी मदतीला धावलेल्यांत ट्रेकर पोरंही होती, ते उपकार आपण विसरायचे नाहीत. माझं म्हणणं एवढंच की जो आपल्या डोंगरावर येतो त्यानं आपल्या घरावरचा डोंगरही बघावा. वर जाताना नवी भेग दिसली, झऱ्याला गढूळ पाणी आलं, झाड कललेलं दिसलं, तर त्याच्याकडे मोबाईल आहे, ओळखी आहेत, त्यानं तहसीलला कळवावं. हे बेतात लिहा.

आता आपल्यातल्या तरुणांचं. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "ट्रेक बंद केला तर खायचं काय?" अरे, बंद करा कोण म्हणतंय? भात निघाला की जूनपर्यंत हाताला काम नसतं, वीटभट्टीवर जावं लागतं, त्यापेक्षा वाट दाखवणं शंभरपट बरं. पण आपण काय करतो? एक वाडी 600 मागते, तर दुसऱ्या वाडीचा पोरगा फोनवर 500 सांगतो. संयोजक हसतो. स्वस्तातला वाटाड्या आपणच तयार केलाय.

एव्हरेस्टच्या शेर्पांची गोष्ट ऐका. 18 एप्रिल 2014 ला बर्फाचा कडा कोसळून 16 नेपाळी कामगार मेले. पैसेवाल्यांच्या वाटा बांधताना मेले. सरकारनं अंत्यविधीला म्हणून 40,000 नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पा एकत्र बसले आणि म्हणाले, यंदा चढणार नाही. जगातले लखपती पायथ्याशी तंबूत बसून राहिले आणि सामान बांधून घरी गेले. पुढे विम्याची रक्कम सरकारला वाढवावी लागली. जगातला सगळ्यात उंच डोंगर, आणि वाटाड्या नाही म्हणाला तर त्या बाजूचा हंगाम बंद! आपला कळसूबाई त्याच्यापुढं टेकडी. पण नाही म्हणायला सगळ्या वाड्यांनी एका सुरात म्हणावं लागतं.

तेव्हा पोरांना मी कागद तसाच परत दिला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. वाटाड्याचा दर ग्रामसभा ठरवेल आणि पैसे ग्रामसभेच्या खात्यावर, पावती घेऊन. दहा माणसांमागे एक वाटाड्या. चढणाऱ्याचा जेवढा विमा तेवढाच वाटाड्याचा. मागं फिरायचं की पुढं जायचं हा शब्द वाटाड्याचा, आणि तो मागं फिरला म्हणून मजुरी कापायची नाही. जेवण गावात, बायकांचा बचतगट सांगेल त्या भावानं. देवराईत आणि पाण्याच्या उगमाजवळ मुक्काम नाही. आणलेला कचरा स्वतः न्यायचा. आणि 'मदतनीस' हा शब्द खोडून तिथं 'वाटाड्या' लिहिलं.

पोरांनी वाचलं. एकजण म्हणाला, "दादा, मग डोई पाच हजारांवर जाईल की." दुसरा म्हणाला, "जाऊ दे, संयोजकाचा वाटा कमी करायला सांगू." दोघांचं चांगलंच वाजलं. कागद आता संयोजकाकडे गेलाय. त्याचा फोन अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला थेट आला आणि तो 500 म्हणाला, तर आधी मला कळवा.