टाचेच्या एक्स-रेची घाई कशाला?

टाच दुखते म्हणून आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत पिशवीतून एक्स-रे काढतो. "मॅडम, हाड वाढलंय." फिल्मवर टाचेच्या बुडाशी काट्यासारखं टोक दिसतंच. ते एकदा पाहिलं की पावलोपावली तेच टोचतंय असं वाटू लागतं. फिजिओथेरपिस्ट असून माझी पहिली दहा मिनिटं त्या टोकाची वकिली करण्यात जातात.

टाच अजिबात न दुखणाऱ्यांचे एक्स-रे काढले, तरी दहात एखाद-दुसऱ्याला हे टोक सापडतं. वय आणि वजन वाढलं की आणखी जणांना. उलट टाचदुखीने बेजार झालेल्या कितीतरी जणांना ते नसतंच. एका बाईंनी दोन्ही टाचांचे फोटो आणले होते. मोठं टोक न दुखणाऱ्या टाचेला!

दुखतो तो बहुतेकदा तळव्याचा पट्टा, टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला प्लांटर फॅशिया. रात्रभर सैल पडलेल्या या पट्ट्यावर सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताण येतो. "उठल्यावर जीव जातो, चार पावलं चालले की बरं वाटतं," असं पेशंटने सांगितलं आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबल्यावर तो कळवळला, की निदान जवळजवळ झालंच. सुरुवातीला एक्स-रेची गरज नसते, हे माझं ठाम मत.

पोळीभाजी केंद्रात दिवसभर फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायका माझ्याकडे फार येतात. उठण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून दहा अंक मोजा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा आणि ओट्याशी चप्पल घाला, एवढंच सांगते. (चपलेवरून घरात वाद होतो. स्वयंपाकघराचा जोड वेगळा ठेवा.) बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय सुधारते, पण महिने जातात, आणि तिथेच धीर सुटतो. मग इंजेक्शन. त्याचा आराम थोड्या आठवड्यांचा. वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा, टाचेची चरबीची गादी झिजण्याचा धोका.

मार लागला असेल, ताप असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करायलाच हव्यात.

बरं वाटल्यावर काही जण विचारतात, "टोक गेलं का बघायला पुन्हा फोटो काढू?" काढू नका. ते तिथंच असतं.