‘तरुण पिढी’ म्हणजे नेमकी कोणाची पिढी?



इंटरनेटने तरुण पिढी बिघडविली, हे वाक्य आज इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्या आवाजात उच्चारले जाते की, ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे हेच लोक विसरून गेले आहेत. व्याख्यानमालेतील वक्ता ते सांगतो, शाळेतील शिक्षक ते सांगतो आणि शेवटी ‘हे शास्त्राने सिद्ध केले आहे’ अशी पुस्ती जोडतो. ती पुस्ती ऐकली की आपला बाप मान खाली घालतो. ज्याच्या वाडवडिलांना एका शास्त्राच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसविण्यात आले, त्याने दुसऱ्या शास्त्राचे नाव ऐकताच विचार करणे सोडावे काय? मुळीच नाही. म्हणून हे समाजशास्त्र काय सांगते, कसे सांगते आणि काय सांगत नाही, याची झडती आज घ्यावयाची आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ आले. दीक्षा घेऊन त्यांच्या कुटुंबाला फार दिवस झालेले नव्हते. त्यांची मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. असेच एक व्याख्यान ऐकून आल्यावर त्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. मुलाचा मात्र काढला नाही, कारण त्याला तो ‘लागतो’! शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली, ती दुरुस्त करण्याचा संदेश त्या कुलूपबंद मोबाईलवर येऊन पडला, मुदत टळली आणि महाविद्यालयाने फीचा तगादा लावला. दाद कोणाकडे मागावी, असे ते विचारीत होते. मी म्हटले, “दादा, दादीचे मग पाहू. आधी सांगा, मोबाईल कोणत्या पुराव्यावर जप्त केलात?” ते म्हणाले, “वकीलसाहेब, शास्त्रज्ञच सांगतात ना!”

तर शास्त्रज्ञ काय सांगतात ते पाहू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांनी २०१७ मध्ये असे मांडले की, २०१२ च्या सुमारास स्मार्टफोन घरोघर पोहोचला आणि त्याच सुमारास किशोरवयीनांचे औदासीन्य वाढू लागले. जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या आपल्या ग्रंथात हाच आरोप अधिक जोराने केला. ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने बंदी झाली.

आता दुसरी बाजू ऐका. २०१९ मध्ये ऑक्सफर्डचे एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटन येथील ३,५५,३५८ मुलामुलींची माहिती तपासली. मुलांच्या सुखदुःखात जो फरक आढळतो, त्यापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध अशा साधनांच्या वापराशी लागतो, असे त्यांना दिसले. त्याच माहितीत नेमाने बटाटे खाण्याचा दुःखाशी असलेला संबंधही जवळजवळ तेवढाच भरला! बटाट्याने तरुण पिढी बिघडविली, असे व्याख्यान कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडविली, असे ठरत नाही. मोबाईलमुळे मूल उदास होते, की उदास मूल मोबाईलकडे वळते? कँडिस ऑजर्स यांनी हाइट यांच्या ग्रंथावर २०२४ मध्ये हाच आक्षेप घेतला. आणि वापर मोजतात तरी कसा? पुष्कळदा मुलांनाच विचारतात, ‘रोज किती तास?’ अशी तोंडी सांगितलेली वेळ आणि यंत्राने नोंदविलेली वेळ यांचा मेळ पुरता बसत नाही, हे २०२१ मधील एका मोठ्या आढाव्याने दाखवून दिले आहे. असल्या साक्षीवर कोणते न्यायालय शिक्षा ठोठावील?

खरी नोंद असते ती कंपन्यांच्या तिजोरीत. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ जणांपुढे येणाऱ्या मजकुरात त्यांची वेगळी संमती न घेता फेरफार करून त्यांच्या मनोवृत्तीवर प्रयोग केला. जगाला तो कळला २०१४ मध्ये, निबंध छापून आल्यावर. इन्स्टाग्रामचा किशोरवयीन मुलींवर काय परिणाम होतो, हे कंपनीने स्वतः तपासले होते; ती कागदपत्रे २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या तिच्याच माजी नोकरदार बाईंनी बाहेर आणली. म्हणजे पुरावा आरोपीच्या कपाटात आणि आमच्या मुलीचा मोबाईल बापाच्या कपाटात, असा हा न्याय आहे.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. ही ‘तरुण पिढी’ कोणाची? २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्राची प्रमुख अमेरिकन नियतकालिके तपासली, तेव्हा अभ्यासिलेल्या माणसांपैकी ९६ टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाली. त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के! तेथील मुलांच्या खोलीतील दुःख मोजून काढलेला निष्कर्ष आमच्या वस्तीतील मुलीला लावावयाचा, हे कोठले शास्त्र? आमच्या देशातील आकडे पाहा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरे शहरांत ४२ टक्के, तर खेड्यांत सुमारे १५ टक्के होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी इंटरनेट कधी तरी वापरले होते. स्त्रियांपैकी अवघ्या ३३.३ टक्क्यांनी. त्यानंतर प्रसार वाढला हे खरे. तथापि जेथे मुलीच्या हाती मोबाईल येणे हीच लढाई होती, तेथे त्याच्या अतिरेकाचा उपदेश आधी तिलाच का?

आणि जात? त्या पाश्चात्त्य प्रश्नावलीत जातीचा रकाना नसतो. जेथे संशोधक लोकांत राहिला, तेथे मात्र ती दिसल्यावाचून राहिली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डॅनिएल मिलर यांच्या योजनेत नऊ मानववंशशास्त्रज्ञ जगातील नऊ ठिकाणी १५ महिने राहिले. त्यांपैकी श्रीराम वेंकटरामन चेन्नईजवळ राहिले. त्या वस्तीला त्यांनी ‘पंचग्रामी’ असे नाव दिले आहे. इंटरनेट सर्वांना एका पातळीवर आणील, असा डांगोरा पिटला जात होता. २०१७ च्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, जात, वर्ग आणि नातेगोते यांच्या जुन्या भिंती समाजमाध्यमांवरही उभ्या आहेत. आपणांस हे नवे नाही. वर्गातील मुलांचा एक गट सर्वांचा असतो आणि दुसरा आपल्या मुलाला न कळविता काढलेला असतो, हे कोणत्या आईला ठाऊक नाही?

इंटरनेट निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. सरासरी ०.४ टक्के आली म्हणून ज्या एका मुलाला चारचौघांदेखत जातीवरून शिवी दिली गेली, त्याचे दुःख ०.४ टक्के होत नाही. त्या दुःखावर औषध मोबाईल काढून घेणे हे नव्हे. ते कायद्यात आहे. इंटरनेटवरील चित्रफितीतून केलेला असा अपमानही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका अटकपूर्व जामिनाच्या प्रकरणात म्हटले आहे. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये, संध्याकाळी मोबाईल जमा करण्याचा वसतिगृहाचा नियम न पाळल्यामुळे काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्यास लावले आणि इंटरनेट मिळविणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग ठरविला. वसतिगृहाला जे करता आले नाही, ते बापाने घरात करावे काय?

म्हणून माझे सांगणे एवढेच. ‘संशोधन सांगते’ असे कोणी म्हणाला की चार प्रश्न विचारा: कोणाला विचारले? कसे मोजले? नोंद कोणाच्या हाती आहे? आणि आमच्यासारख्यांना त्यात मोजले काय? शिवी आली तर ती पुसू नका; तिची प्रत जपून ठेवा आणि तक्रार करा. मुलगा व मुलगी यांना घरात एकच नियम लावा, आणि तो नियम त्यांच्याशी बोलून ठरवा.

आणखी एक. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ज्यांचा अभ्यास इतर करीत आले त्यांच्यातीलच एक अभ्यासक म्हणून उभा राहिला. आपल्या मुलांच्या जीवनाचे शास्त्र आपल्याच मुलांनी लिहावे, असे वाटत असेल तर त्यांना समाजशास्त्राकडे पाठवा. आणि तोवर कपाटाचे कुलूप उघडा.