पत्रिकेतला सामू, शेतातली कूज: बीड जिल्ह्यातील भुईमूग उत्पादकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, बीड
मा. कुलगुरू, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी

महोदय,

भुईमुगाचे पीक भरात असताना मधलेच एखादे झाड मान टाकते. उपटून पाहावे तर जमिनीलगतच्या खोडावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढ्या तपकिरी गाठी दिसतात. ही खोडकूज, स्क्लेरोशियम रोल्फसाय या बुरशीची. तिला आम्ल माती मानवते. सामू ३ ते ५ असला की ती जोमाने वाढते, आणि सातच्या वर गेला की तिच्या गाठींची उगवण मंदावते. आपल्या जिल्ह्यातली काळी, चुनखडीयुक्त जमीन बहुतेक ठिकाणी सातच्या वरची आहे. म्हणून ‘आपल्याकडे कुजीची भीती कमी’ असा समज पसरतो. या समजाला आमचा आक्षेप आहे.

ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल स्वतःच तयार करते. खोडाला चिकटली की तेवढ्या जागेपुरता सामू ती खाली आणते आणि पेशी सडवते. म्हणजे अल्कधर्मी माती तिला उशीर करते, अडवत नाही. रोपे लहान असताना मर आणणारी काळी बुरशी, अ‍ॅस्परजिलस नायजर, तर आम्ल आणि अल्कधर्मी अशा दोन्ही मातींत तग धरते. शिवाय खोडकुजीची बुरशी सोयाबीन आणि हरभऱ्यावरही जगते. आमच्याकडे फेरपालट म्हणजे बहुधा हीच पिके, त्यामुळे गाठींचा साठा रानातच राहतो. फेरपालटीत ज्वारी-बाजरी परत यावी असा सल्ला द्यायचा, तर त्या पिकांना भाव मिळण्याची सोयही पाहावी लागेल. नुसत्या सल्ल्यावर कोणी सोयाबीन सोडणार नाही.

जास्त सामूचा घाव दुसऱ्या बाजूनेही बसतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि पीक अशक्त होते. अशा रानात चुना टाकणे म्हणजे दुखण्यात भर. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीला चुना उपयोगी, म्हणून तिथली शिफारस बरोबर आहे. तीच शिफारस आमच्या हाती पडते तेव्हा नुकसान आमचे होते.

आमची सर्वांत मोठी मागणी मृदा आरोग्य पत्रिकेविषयी आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा घटक असतात, पण त्यांत कॅल्शियम नाही. भुईमुगाच्या शेंगा मात्र कॅल्शियम मुळांकडून नव्हे, थेट भोवतालच्या मातीतून शोषतात. ते कमी पडले की शेंगा पोचट राहतात आणि कुजीला लवकर बळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असले, तरी शेंगा भरताना वरचा थर कोरडा पडला की ते विरघळत नाही आणि शेंगांना मिळत नाही. म्हणून भुईमूग घेणाऱ्यांच्या नमुन्यात वरच्या थरातले उपलब्ध कॅल्शियम आणि चुनखडीचे प्रमाण तपासावे. सामूच्या रकान्यापुढे खताच्या मात्रेसोबत कुजीविषयीचा सल्लाही मराठीत छापावा.

जिप्सम सामू न वाढवता कॅल्शियम आणि गंधक देते. ते आऱ्या सुटण्याच्या वेळी हाती असले तरच उपयोगी, म्हणून अनुदानित जिप्सम पेरणीपूर्वीच तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवावे.

ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आम्हाला मान्य आहे. पण ही मित्रबुरशीसुद्धा किंचित आम्ल मातीत अधिक वाढते. म्हणून आठच्या आसपासच्या सामूत तिचा कोणता वाण टिकतो, हे पाहण्यासाठी लातूरचे तेलबिया संशोधन केंद्र आणि अंबाजोगाई व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे यांनी आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात आणि गेवराई-माजलगावच्या भारी रानात प्रयोग घ्यावेत. भुईमुगाच्या टीएलजी-४५ या वाणाचाही त्यात समावेश असावा. निष्कर्ष गावात सांगावेत. रोगट झाड घेऊन गेल्यास कूज कोणत्या बुरशीची, हे आठवड्याभरात कळेल अशी सोय या केंद्रांत हवी, कारण चुकीच्या औषधावर आमचा पैसा जातो आणि हंगामही जातो.

शेंगा भरताना पाणी तुटले की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दाण्यात शिरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. पुढील प्रक्रियेसाठीच्या दाण्यांना देशात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. बाजार समितीच्या आवारात त्याची तपासणी सुरू करावी, म्हणजे शुद्ध मालाला शुद्ध मालाचा भाव मिळेल.

उन्हाळी भुईमुगाची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून सुरू होते. त्याआधी दोन्ही कार्यालयांनी आमच्या प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी आणि प्रत्येक मागणीवरचा निर्णय मुदतीसह लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
बीड जिल्ह्यातील भुईमूग उत्पादक शेतकरी संघटनेचे सभासद