पंखा आजीचा, बिल घराचं

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असं आईकडून ऐकलं आणि ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असं शेजारच्या अक्कांकडून. आपल्या सीमाभागात भाषा दोन, शिकवण एकच. उन्हाळ्यात विजेचं बिल आलं की ती हमखास आठवते. पण घरात नेमके कुणाचे पाय आखडले जातात, हे आपण पाहतो का?

माझी मावशी लग्नानंतर बडोद्याला घडियाळी पोळमध्ये राहायला गेली. मांडवीजवळची ही जुनी वस्ती. गायकवाडांच्या राज्यामुळे जी मराठी घरं बडोद्यात स्थिरावली, त्यांतलंच तिचं सासर. पोळमधलं घर अरुंद आणि लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, म्हणून तिथून ऊन येत नाही. मध्ये उघडा चौक असतो. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते.

पावसाचा आणि कबुतरांचा त्रास नको म्हणून मावशीकडे चौकावर पत्रा बसवला. पत्रा तापू लागला, हवा कोंडली आणि घरात एसी आला. बिल वाढल्यावर काटकसर कुणी सुरू केली? ऐंशीच्या घरातल्या मावशीने! भर दुपारी ती पंखा बंद करून बसायची.

मैत्रिणींनो, जरा हिशेब करू. जुना पंखा 75 वॅटचा. दुपारचे चार तास चालला तर 0.3 युनिट, म्हणजे तीन दुपारी मिळूनही एक युनिट होत नाही. दीड टनाचा जुना एसी मात्र तासाभरात साधारण दीड युनिट घेतो. एसीचा एक तास म्हणजे पंख्याचे वीस तास!

शिवाय उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. अशा उन्हाचा तडाखा वृद्धांना आधी बसतो. त्यांना पंखा हवाच. जोडीला पाणी आणि ओला पंचाही.

मावसभावाने शेवटी पत्रा हात-दीड हात उचलून बाजूंना जाळी लावली आणि गच्चीला पांढरा चुना दिला. एसीचे तास कमी झाले.

आपल्याकडे पोळ नाही, पण प्रश्न तोच. कर्नाटकात 2023 मध्ये गृहज्योती योजना आली. तिच्यात प्रत्येक घराची सवलत आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरते, आणि 200 युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. मग आकडा दोनशेकडे सरकला की आजीच्या पंख्याकडे नजर जाते.

त्याआधी इतर गोष्टींकडे पाहा. एसी 26 वर ठेवून सोबत पंखा लावा. गीझर आंघोळीपुरताच चालवा. फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. टीव्ही रिमोटने नव्हे, बटणाने बंद करा. जमेल तेव्हा 30 वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा घ्या. आणि तो पहिला आजीच्या खोलीत लावा.