आभा नंबर काढला, पुढे काय?

शिबिरात आधार दिले, ओटीपी सांगितला आणि १४ आकडी 'आभा' नंबर घरी आला. बऱ्याच घरांत तो पाच लाखांच्या आयुष्मान कार्डासोबत जपून ठेवलेला असतो आणि दोन्ही एकच समजले जातात. ती एक नाहीत. आयुष्मान कार्डावर दवाखान्याचा खर्च भागतो. आभा हा २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा नोंदीचा नंबर आहे. त्यावर रुपयाही मिळत नाही.

तरी आम्ही त्याला निरुपयोगी म्हणत नाही. घाटनांदूर भागातली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. सोनोग्राफीचा कागद खोपीत भिजतो, गोळीचे नाव आठवत नाही, नवा डॉक्टर सगळ्या तपासण्या पुन्हा सांगतो. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. शासनाच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी का काढली, हे लिहिलेला कागद त्यातल्या किती जणींकडे असेल?

पण नंबर म्हणजे नोंद नव्हे. दवाखान्याने निकाल संगणकावर चढवून नंबराला जोडला तरच तो पुढच्या डॉक्टरला दिसणार. खासगी दवाखान्यांनाही ते बंधनकारक करा, शस्त्रक्रियेच्या कारणासकट. दुसरी गोष्ट फोनची. घरात एकच फोन, तोही नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. म्हणजे बाईच्या नोंदीची किल्ली त्याच्या हाती. गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही यांची माहिती अशी उघडी पडली तर बाई दवाखान्यातच जाणार नाही. संमती घेताना मराठीत, सावकाश वाचून दाखवणारे माणूस हवे. आशाताईच्या डोक्यावर आधीच रजिस्टरही आहे आणि ॲपही, तिच्यावर हे ढकलू नका.

ई-संजीवनीवर आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलता येते, हे चांगलेच. पण पोटातली गाठ हाताला लागते, पडद्यावर दिसत नाही. तेव्हा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयापर्यंत न्यायला गाडीच लागते.

आभा ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून कुणी केसपेपर नाकारला तर तिथेच लेखी कारण मागा. दिलेली संमती परतही घेता येते. यंदा फडावर निघण्याआधी नंबराला कोणाचा मोबाईल जोडला आहे तेवढे तपासा. आणि जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्याच.