टरफलं आणि दाणे

थोर माणसांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की हल्ली सकाळी सहापासूनच मोबाईल किणकिणायला लागतो. "तुम्हाला माहीत आहे का?" अशी सुरुवात असते. मग एक ते दहा आकडे, प्रत्येक आकड्यापुढे एक चकित करणारी गोष्ट आणि शेवटी "अभिमान वाटत असेल तर दहा जणांना पाठवा". दुपारपर्यंत तोच मजकूर सात-आठ जणांकडून येतो. संध्याकाळी कुणीतरी तो फलकावर लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतलं एखादं पोर तोच पाठ करून भाषणात म्हणतं. टाळ्या पडतात. संपलं!

मंडळी, मला या प्रकाराचा राग येतो. अगदी स्पष्ट सांगतो. ही रोचक माहितीची लाट आपल्या थोर माणसांचं नुकसान करते आहे आणि त्यांच्याहून जास्त आपल्या पोरांचं. यातला काही मजकूर खोटा असतो, हे तर झालंच. पण माझी मुख्य तक्रार खोट्याबद्दल नाहीच. खोटं शोधून काढता येतं. माझी तक्रार खऱ्या माहितीबद्दल आहे, कारण ती सांगायची पद्धतच अशी की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न उगवूच नये.

कळमनुरीत आणि आसपासच्या खेड्यांत मी मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा १ ऑगस्टचे कार्यक्रम किती ऐकले असतील, मोजदाद नाही. टिळक म्हटले की शेंगांची टरफलं! पहिलीतल्या पोरापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना टरफलंच. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही" हे वाक्य बोबड्या बोलात आलं की आयाबाया कौतुकानं हसतात. हसू दे बापड्या. पण चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात टिळकांनी पुढं केलं काय, याचा एक शब्द नसतो. वर्गात कचरा कुणी केला आणि कुणी उचलायचा एवढ्यावर एका माणसाचं आयुष्य आटोपतं.

आता टिळकांबद्दलच एक दुसरी चकित करणारी माहिती देतो. 'केसरी' १८८१ साली सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले संपादक टिळक नव्हते, गोपाळ गणेश आगरकर होते. पदवीधरांनाही हे सांगितलं की भुवया वर जातात. पण गंमत इथं थांबत नाही, इथं सुरू होते. मग आगरकर 'केसरी'तून गेले का? दोघं जिवाभावाचे मित्र. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर काढले. असे मित्र वेगळे का झाले? तर आधी राजकीय की आधी सामाजिक, या प्रश्नावरून. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. आगरकर कायद्याच्या बाजूनं होते. टिळकांचं म्हणणं असं की परक्या सरकारनं आमच्या घरात कायद्यानं हात घालू नये, सुधारणा समाजानं आपली आपण करावी.

बघा, एका माहितीतून आपण कुठं पोचलो! बालविवाह कायद्यानं थांबतो की समजुतीनं, हा प्रश्न आमच्या भागात आजही जुना झालेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून तिचं लग्न उरकतात. नववीच्या वर्गात हा वाद मांडला तर पोरं आणि विशेषतः पोरी कान टवकारतात. पण तो मांडायचा तर टिळकांची एक बाजू त्यांना न पटण्याचाही धोका असतो. टरफलांच्या गोष्टीत असला धोका नाही. म्हणून टरफलं सोयीची.

त्याच १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. १९२० साली ज्या दिवशी टिळक गेले, त्याच दिवशी अण्णाभाऊ जन्मले. हाही एक लोकप्रिय योगायोग. आणि त्याहून लोकप्रिय माहिती म्हणजे "फक्त दीड दिवस शाळा शिकले आणि 'फकिरा' लिहिली!" हे ऐकून माझ्या वर्गातला एक पोरगा उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "सर, मग आमी काहून रोज यावं?" वर्ग हसला. पण पोरगा बरोबर होता! आपण माहिती अशी सांगितली की शाळा दीड दिवसात सुटणं हा जणू अण्णाभाऊंचा पराक्रम. खरा प्रश्न हा की मातंग समाजातल्या त्या हुशार पोराला दीड दिवसात शाळा का सोडावी लागली? तिथं त्याला कशी वागणूक मिळाली? ही अण्णाभाऊंच्या कौतुकाची नाही, शाळेच्या लाजेची गोष्ट आहे. आपण लाजेच्या जागी टाळ्या वाजवतो, आणि ज्यांनी मान खाली घालायची तेच व्यासपीठावर बसून हार घेतात.

बाबासाहेबांचं तेच. १४ एप्रिल आला की "बत्तीस पदव्या" सुरू. अरे बाबांनो, कशाला हवेत बत्तीस? मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टर. वर कोलंबियानं १९५२ मध्ये आणि आपल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं १९५३ मध्ये सन्मानानं दिलेल्या पदव्या. यात फुगवायला जागाच नाही. फुगवलं की उलट खरं आहे तेही लोकांना खोटं वाटायला लागतं.

आणि या पदव्यांमागची हकीकत बघा. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये माणूस पुन्हा लंडनला गेला. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. पैशावाचून ज्याचं शिक्षण मध्येच तुटलंय अशा पोराला ही हकीकत सांगून बघा. 'बत्तीस' ऐकून ते पोर हात जोडतं. 'अर्धवट टाकून यावं लागलं आणि तीन वर्षांनी परत गेले' हे ऐकून ते पोर पुढं सरकून बसतं. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

मराठवाड्यात बऱ्याच कॉलेजांत बाबासाहेबांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मला तो आवडतो, कारण तिथं निदान माहितीचं काहीतरी करणं होतं. फक्त एक विचारावंसं वाटतं, की त्या अठरा तासांत बाबासाहेबांचं एक तरी पान वाचलं जातं का? राज्य सरकार १९७९ पासून त्यांच्या लिखाणाचे आणि भाषणांचे खंड काढतंय. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतांच्या तिजोरीत पैसा कसा येत होता आणि वरच्या सरकारनं किती द्यावा, यावर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९२५ साली छापला गेला. निधी मिळत नाही म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या आपण मराठवाड्यातल्या माणसांनी तर तो आधी वाचायला हवा. पण पदव्या मोजण्यात वेळ जातो.

लालबहादूर शास्त्रींचं एक उदाहरण देतो, म्हणजे माझा रोख कळेल. 'शास्त्री' हे त्यांचं आडनाव नव्हे, काशी विद्यापीठाची पदवी आहे. ही माहिती प्रश्नमंजूषेत हमखास येते. उत्तर बरोबर, एक गुण, पुढचा प्रश्न. पण मूळचं 'श्रीवास्तव' गेलं कुठं? तर ते त्यांनी टाकलं, कारण त्यावरून जात कळत होती. आता ही माहिती घेऊन बसमध्ये बसा. शेजारचा माणूस नाव विचारील. तुम्ही नाव सांगाल. तो म्हणेल, "हो, पण आडनाव?" तो आडनाव का विचारतो, हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. ज्या पोरानं शास्त्रींच्या आडनावाला एक गुण मिळवला, त्याला हे जोडून कोण दाखवणार? ते दाखवायचं नसेल तर तो गुण परत घ्या!

आता आपल्या घरातलं बघू. नानाजी देशमुख आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, १९१६ सालचा जन्म. २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं तेव्हा जिल्ह्याला आठवण झाली. गरिबीत भाजी विकून शिकले, ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आली. पण १९७७ मध्ये निवडून येऊनही त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही, साठी झाल्यावर सत्तेचं राजकारण सोडलं, गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत काम केलं, आणि २०१० मध्ये गेल्यावर त्यांचं शरीर ठरल्याप्रमाणे वैद्यकीय अभ्यासासाठी दिलं गेलं, हे कुणाच्या फलकावर दिसलं नाही. का दिसेल? फलक लावणारेच साठी उलटून तिकिटासाठी मुंबईच्या वाऱ्या करतात! भाजी विकल्याची गोष्ट कुणाला टोचत नाही. साठीला खुर्ची सोडल्याची गोष्ट टोचते. त्यांचे राजकीय विचार तुम्हाला पटोत न पटोत, ही गोष्ट टोचलीच पाहिजे.

आणि स्वामी रामानंद तीर्थ! आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पदवीवर त्यांचं नाव छापलेलं असतं, कारण नांदेडचं विद्यापीठ १९९४ पासून त्यांच्या नावाचं. तालुक्याच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी पोरं मला भेटतात. स्वामीजींचं मूळ नाव विचारा, पटकन सांगतात, "व्यंकटेश खेडगीकर." जन्मतारीख विचारा, "३ ऑक्टोबर १९०३." शाब्बास. मग मी विचारतो, "ते आधी काय करत होते?" शांतता. अरे, ते शाळामास्तर होते! आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, आपल्या भाषेची खासगी शाळा चालवायची तर पावलोपावली अडवणूक. त्या शाळा चालवता चालवता या माणसाला कळलं, की राज्य बदलल्याशिवाय शाळा टिकणार नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, आणि हा मुख्याध्यापक शाळा सोडून सत्याग्रह करून तुरुंगात गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, त्याची मुळं अशी एका शाळेत आहेत. आज खेड्यांतल्या शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद पडायच्या बेतात असताना त्यांच्या नावाची पदवी घेतलेल्या पोराला हे ठाऊक नसावं? त्याला चार पर्यायांतलं मूळ नाव तेवढं ठाऊक. दोष त्याचा नाही. आपण विचारलंच तेवढं.

माझ्या या बोलण्यावर तरुण शिक्षक म्हणतात, "सर, गोडी लागावी म्हणून सांगतो. एकदम वाद आणि ग्रंथ सांगितले तर पोरं झोपतील." मुद्दा खोटा नाही. गोडी लागली पाहिजेच. पण बत्तासा देऊन पोराला जेवायला बोलवायचं असतं, बत्ताशावर वाढवायचं नसतं. दुसरे म्हणतात, "एवढं खोलात गेलं तर कुणाच्या भावना दुखावतील." हे मात्र खरं दुखणं आहे. आपल्याला माणूस नको, मूर्ती हवी. मूर्तीचे मित्र नसतात, भांडणं नसतात, अर्धवट सुटलेलं शिक्षण नसतं. मूर्तीसमोर फक्त नारळ फोडायचा. त्यात आपलीही सोय होते. ते अद्भुत होते असं एकदा म्हटलं, की आपण साधी माणसं काही करायला मोकळी... म्हणजे काहीच न करायला मोकळी.

मी एक साधी कसोटी सुचवतो. अशी कुठलीही माहिती हातात आली की तिला एक शब्द लावून बघा, "मग?" पहिले संपादक आगरकर, मग? दीड दिवस शाळा, मग? शास्त्री ही पदवी, मग? ज्या माहितीला "मग?" विचारल्यावर पुढं काही हलतं, ती ठेवा आणि पोरांना सांगा. जिथं काहीच हलत नाही ती खुशाल विसरा, देशाचं काही बिघडत नाही. आणि कार्यक्रम करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या जयंतीला दहा भाषणं ठेवू नका. तीन ठेवा, आणि प्रत्येक भाषणानंतर समोरच्या पोरांना दोन प्रश्न विचारायची मुभा द्या. भाषण पाठ करणाऱ्याची आणि करवून घेणाऱ्याची, दोघांची तयारी आपोआप वाढेल.

असो. हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारा उगीच चिडला. चिडलोच आहे. शेंगा सोललेल्या आहेत, दाणे समोर पडलेत, आणि आपण पोरांच्या ओंजळीत टरफलं भरतोय. बघा पटतं का.