बातमी उशिरा पोहोचली नव्हती!

१/ १९ जून, म्हणजे अमेरिकेतील ‘जूनटीन्थ’. या दिवसाविषयी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते: लिंकन यांनी गुलामांना मुक्त केले, परंतु टेक्सासला ती बातमी अडीच वर्षे उशिरा कळली. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. आणि हा खोटेपणा निरुपद्रवी नाही.

२/ मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. त्याची वार्ता टेक्सासच्या वृत्तपत्रांतून त्याच काळात छापून आली होती. मालकांना सारे ठाऊक होते. उणीव बातमीची नव्हती. जाहीरनामा अमलात आणू शकेल अशा सैन्याची होती.

३/ किंबहुना केंद्राचे सैन्य जवळ येताच लुइझियाना आणि मिसिसिपीतील मळेवाल्यांनी हजारो गुलामांना टेक्सासकडे हलवले. ज्यांना काही कळलेच नव्हते, त्यांनी ही धावपळ कशासाठी केली?

४/ १९ जून १८६५. गॅल्व्हस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांचा ‘जनरल ऑर्डर क्रमांक ३’ निघाला. टेक्सासमधील सुमारे अडीच लाख गुलाम मुक्त ठरले. माजी मालक आणि माजी गुलाम यांचे हक्क समान असतील, असे त्यात म्हटले होते. समारंभांत हाच भाग आठवला जातो.

५/ पुढचा भाग मात्र विसरला जातो. मुक्त झालेल्यांनी आहेत तिथेच शांतपणे राहावे, मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांपाशी जमू नये; आळशीपणा पोसला जाणार नाही! पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्यांना आळसाची ताकीद, आणि राबवून घेणाऱ्यांना समजेचा एक शब्दही नाही.

६/ १९३०च्या दशकात सरकारी लेखन प्रकल्पाने माजी गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या. पीक हाती येईपर्यंत मालकाने सुटकेची गोष्ट दडवून ठेवली, असे त्यांतील काही वृद्धांनी सांगितले आहे. याला ‘उशीर’ म्हणत नाहीत. याला चोरी म्हणतात.

७/ हा दिवस जपला तो मुक्त झालेल्यांनीच. १८७२ साली ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाने पैसे जमवून उत्सवासाठी १० एकर जागा विकत घेतली. तेच आजचे ‘इमॅन्सिपेशन पार्क’. राज्याच्या सुटीचा कायदा १९७९चा, राष्ट्रीय सुटी २०२१ची. सरकार येथे शतकभर मागे होते.

८/ पुढे हा इतिहास जपण्यासाठी टेक्सासने एक आयोगही स्थापन केला. असा आयोग हवाच. पण त्याचे काम पुतळे आणि मिरवणुका एवढ्यावर संपत नाही. आदेश पूर्ण वाचून दाखवणे, मुलाखती शाळांपर्यंत नेणे आणि दडवणाऱ्यांना ‘दडवणारे’ म्हणणे, हे त्याचे खरे कर्तव्य.

९/ “सणाच्या दिवशी कटुता कशाला?” असे कुणी म्हणेल. पण ‘उशीर’ म्हटले की दोष अंतराचा ठरतो, घोड्यांचा ठरतो. माणसे निर्दोष सुटतात. गुन्हेगार नसलेला इतिहास हे स्मरण नव्हे, ती सामुदायिक माफी आहे. आणि ती देण्याचा अधिकार आयोगाला कुणी दिला?

१०/ मराठी वाचकाला हा विषय परका नाही. गॅल्व्हस्टननंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. मात्र ग्रंथाला नाव दिले ते मुक्तिदात्यांचे नव्हे, अन्यायाचे. स्मारके उभारणाऱ्यांनी एवढे तरी शिकावे.

(समाप्त)